वेळ कुणाची?

सिनेमा, नृत्यनाट्य आणि मैफलीचं सभागृह, तिन्ही ठिकाणांसाठी मी संगीत लिहिते. एकाच माणसाला तीन वेगळी संगीतं कशी सुचतात, असं मला बरेचदा विचारलं जातं. स्वर तेच असतात, वाद्यंही बरीचशी तीच. बदलतं ते इतकंच, की वेळेवर हुकूम कुणाचा चालतो. सिनेमात प्रत्येक सेकंद संकलकाने आधीच बांधून ठेवलेला असतो. नृत्यात नाचणाऱ्यांचा दम लय ठरवतो. सभागृहासाठी लिहायला बसलं की समोर कोरा कागद असतो, आणि किती वेळ घ्यायचा, कशासाठी घ्यायचा, हे मलाच ठरवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत कार्यक्रमांचा हंगाम सुरू झाला की ही तिन्ही कामं एकाच दिवसात येऊन पडतात. अशाच एका दिवसाचा हा दिनक्रम.

पहाटे ५ : कागद आणि पेन्सिल

फोन दुसऱ्या खोलीत. तानपुरा लावायचा, दहा-पंधरा मिनिटं नुसता षड्ज लावायचा आणि मग टेबलाशी बसायचं. संगणक अजून बंदच असतो. लिहिलेला स्वर तो लगेच वाजवून दाखवतो आणि त्या बनावट व्हायोलिनच्या आवाजाने माणूस फसतो. कागदावर लिहिताना सगळं आतल्या आत ऐकावं लागतं आणि जे ऐकू येत नाही ते लिहिता येत नाही. इळैयराजा आजही पूर्ण वाद्यवृंदाचं लेखन हाताने करतात. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांची ‘व्हॅलियंट’ ही सिंफनी लंडनमध्ये वाजली. सिनेमात हजारो गाणी केलेल्या माणसालाही पडद्याविना उभं राहणारं संगीत लिहावंसं वाटतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सध्या हातात आहे ती पखवाज आणि तंतुवाद्यवृंदासाठीची रचना, तीन भागांची. पहिला भाग धमारात. धमाराच्या चौदा मात्रा ५-२-३-४ अशा विभागलेल्या. पखवाजवादक समेपासून समेपर्यंत एकसंध विचार करतो. मधली पाचाची आणि दोनाची फोड त्याला कुणी दाखवावी लागत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेल्या वादकासमोर मात्र चौदा मात्रांचं एक लांबलचक घर (बार) ठेवलं, तर तो मधेच कुठेतरी हरवतो, आणि वाद्यवृंद-संचालकाच्या हातालाही खुणा उरत नाहीत. म्हणून वादकांच्या पानावर मी चार छोटी घरं करते, पाच, दोन, तीन आणि चार मात्रांची. पखवाजाच्या ओळीत मधल्या रेघा तुटक ठेवते आणि सम तेवढी ठळक. एकाच पानावर दोन पद्धतीची मोजणी शेजारी शेजारी चालते आणि दोघं समेवर एकत्र येतात.

दुसऱ्या भागातला प्रश्न जास्त नाजूक आहे. तो भैरवात आहे आणि भैरवाचा कोमल रिषभ आंदोलित. सा मी पांढरी दोनला धरलाय, कारण तिथे व्हायोलिनच्या मोकळ्या तारांपैकी दोन सा आणि प होऊन घुमतात. रिषभाचं आंदोलन कागदावर कसं उतरवायचं? नागमोडी रेघ काढली तर वादक नेहमीचा कंप देतात, जलद आणि उथळ. शिवाय बारा व्हायोलिनं आपापल्या गतीने डोलू लागली तर रिषभ उरत नाही, नुसता गलका होतो. आज पहाटे यावर तोडगा सापडला. आंदोलन फक्त पहिल्या स्टँडवरच्या दोघांनी करायचं, बाकीच्यांनी त्याखाली सा हलका धरून ठेवायचा. मग रिषभ सा ला शिवून वर जाताना स्पष्ट ऐकू येतो. सोबत माझ्याच आवाजात तो रिषभ गाऊन ध्वनिफीत पाठवणार आहे. मूळ गायकी कानावर पडल्याशिवाय लिपी अपुरीच राहते.

हे प्रश्न माझ्या आधी अनेकांनी सोडवायला घेतले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दिवसभर हिंदी सिनेमाची गाणी सजवायचे. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात स्वतःचा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारित रचना सादर केल्या. रविशंकरांचा सतारीसाठीचा पहिला कॉन्चेर्तो १९७१ चा, आंद्रे प्रेविन आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबतचा. दुसरा, ‘रागमाला’, १९८१ चा, झुबिन मेहतांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबतचा. झाकीर हुसेन यांचा तबल्यासाठीचा ‘पेशकार’ २०१५ मध्ये मुंबईतच, एनसीपीएत, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने पहिल्यांदा वाजवला. ती परंपरा लहान असली तरी आपली आहे, आणि तिच्यात एखादं पान वाढवता आलं तर हवंय.

सात वाजता पेन्सिल खाली ठेवते. आज बावीस घरं झाली, त्यातली सहा उद्या खोडली जातील. या कामाचे पैसे फार थोडे मिळतात, कधी मिळतही नाहीत. दिवसाची पहिली वेळ मात्र यालाच द्यायची, हे मी ठरवून टाकलंय. संध्याकाळी थकलेल्या कानांनी हे काम होत नाही.

सकाळी ८:३० : संकलकाचा फोन

पोहे खाता खाता फोन येतो. मराठी चित्रपट आहे, चित्र ‘लॉक’ झालंय, म्हणजे संकलन पक्कं झालंय, असं मला कळवून महिना होत आला. संकलक म्हणतो, “ताई, वाड्याच्या सीनमधून थोडं काढलंय. एक सेकंद सहा फ्रेम.”

ऐकायला हे किरकोळ वाटतं. प्रसंग असा आहे : मुलगी बऱ्याच वर्षांनी गावी आली आहे, एसटीतून उतरून वाड्यापाशी येते, कडी वाजवते आणि दार उघडतं. संगीत सुरू झाल्यापासून दार उघडतं बरोबर ४७ व्या सेकंदाला. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर एक मात्रा बरोबर २० फ्रेमची होते, म्हणून ती लय हाताला सोयीची. पण त्या लयीत चार मात्रांची चौदा घरं, म्हणजे ५६ मात्रा, ४६.६७ सेकंदांतच संपतात. दार उघडण्याच्या आठ फ्रेम आधी. म्हणून मी लय किंचित उतरवून साडेएकाहत्तरच्या जवळ आणली होती. एवढा फरक कुणाच्या कानाला कळत नाही, आणि पंधराव्या घराची पहिली मात्रा नेमकी दारावर येऊन बसत होती.

आता दार उघडणार ४५.७५ सेकंदांना. लय वाढवून साडेत्र्याहत्तरच्या आसपास नेणं हा एक उपाय, पण मग मुलगी घाईत आहे असं वाटेल. म्हणून मी पुन्हा ७२ वर येते आणि एक मात्रा काढून टाकते. ५५ मात्रा ४५.८३ सेकंदांत होतात. स्वर दाराच्या दोन फ्रेम नंतर पडतो, आणि ते उत्तमच. संगीत चित्राच्या आधी आलं तर ते चहाडी करतं, किंचित मागे राहिलं तर प्रेक्षकाला वाटतं की आपल्याला आधी दिसलं आणि मग ऐकू आलं. मात्रा काढायची कुठून, याचंही उत्तर चित्रातच आहे. कडीशी गेलेला तिचा हात एकदा थबकतो. तिथलं घर मी चाराऐवजी तीन मात्रांचं करते. लय तिथे एक पाऊल अडखळते, मुलगीही अडखळते.

दुपारी हेच बुडापेस्टमध्ये वाजणार आहे, त्यामुळे दहाच्या आत सगळ्या वादकांची पानं बदलून पाठवायची. ती बदलते आणि शेवटी करारनाम्याचा एक मसुदा वाचते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा संगीतकाराच्या बाजूने बराच ठामपणे उभा आहे. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाबाहेर संगीताचा जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. तरीही जुन्या साच्यातली कलमं मसुद्यात डोकावतातच. संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाने राग शिकावेत तसे हे कलमही शिकून घ्यावं.

सकाळी १०:३० : तालमीचा हॉल

दादरमधला हॉल, आरसे नाहीत, पंखे जुने. गोदावरीवर नृत्यनाट्य होतंय, त्र्यंबकच्या डोंगरापासून समुद्रापर्यंत. अर्धे नर्तक कथकचे, अर्धे समकालीन नृत्याचे. मी गेल्या गेल्या वाद्याला हात लावत नाही. भिंतीला टेकून खाली बसते आणि नृत्यदिग्दर्शिकेला सांगते, “आधी संगीताशिवाय करून दाखव.” नुसते पाय ऐकायचे असतात. उडी मारून खाली यायला किती वेळ लागतो, गट डावीकडून उजवीकडे तिरका धावत जातो त्याला किती पावलं लागतात, कुणाचा श्वास कुठे संपतो, हे सगळं त्या आवाजात असतं.

आज गाडी अडली ती मोजणीवर. कथकच्या मुली तीनतालात सोळा मोजतात, समकालीनवाले आठाच्या काउंटमध्ये. सोळा म्हणजे दोन आठ, हिशेब जुळतो. पण तिहाईचा शेवट जुळत नाही. पाच मात्रांचा तुकडा, एका मात्रेची उसंत, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच, अशी तिहाई समेपासून उचलली की सतरा मात्रा होतात आणि शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. समकालीन नर्तकांचं वाक्य मात्र ‘सेव्हन, एट’ला पुरं होतं. ते थांबलेले असतात आणि कथकच्या मुलींचा शेवटचा पाय एका मात्रेने मागून पडतो.

“समकालीनवाल्यांना सांग, आठवर थांबू नका, पुढच्या एकवर श्वास सोडा,” मी म्हणते.

“त्यांना एक ऐकू आला तरच सोडतील ना ताई. तिथे काहीतरी दे,” ती म्हणते. तिचं बरोबर आहे. मी त्या ‘एक’वर चेलो आणि पखवाज एकत्र ठेवते आणि आठव्या मात्रेवरचं सगळं काढून टाकते. आधार हवा तिथे असला आणि नको तिथला काढला, की मोजायला सांगावं लागत नाही. तिसऱ्या वेळेला दोन्ही गट एकत्र उतरतात आणि हॉलच्या लाकडी जमिनीतून तो आवाज माझ्या पाठीला जाणवतो.

लयीचा दुसरा वाद नेहमीचा. पुराचा प्रवेश मी मिनिटाला १३२ ने लिहिला होता. तालमीच्या कपड्यांत तो जमतो, पण घेरदार वेश चढला आणि आधीच्या वीस मिनिटांचा थकवा पायांत उतरला की जमत नाही. १२६ करते. कागदावर सहाचा फरक क्षुल्लक दिसतो, पण गुडघ्यांना तो नेमका कळतो. नृत्यासाठी लिहायचं म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून लिहायचं. नृत्यदिग्दर्शक मारियुस पेतिपा चायकोव्हस्कीला ‘स्लीपिंग ब्यूटी’साठी कुठे किती घरं हवीत, संगीताची वृत्ती काय असावी, हे तपशिलाने लिहून द्यायचे आणि त्या बंधनात राहून एवढं मोठं संगीत झालं. मर्स कनिंगहॅम आणि जॉन केज यांनी नेमकं उलट केलं. नृत्य वेगळं, संगीत वेगळं, दोघं रंगमंचावरच भेटायचे. मी पेतिपाच्या बाजूची. पाय बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

आपल्याकडे या कामाची मुळं खोल आहेत. उदयशंकर यांच्या ‘कल्पना’चं, १९४८ च्या त्या नृत्यपटाचं, संगीत विष्णुदास शिराली यांचं. रविशंकर लहान वयात त्याच उदयशंकरांच्या ताफ्यात नाचत होते. पुढे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या नृत्यनाट्याला त्यांनी संगीत दिलं, ‘पथेर पांचाली’ला दिलं आणि मग कॉन्चेर्तो लिहिले. तिन्ही वाटा एकाच माणसाने चालून दाखवल्या आहेत. पुण्यात १९७२ मध्ये आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचं संगीत भास्कर चंदावरकरांचं. ब्राह्मणांची ती डोलणारी भिंत कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेने आणि त्या संगीताने मिळून उभी राहिली. त्यातला एक काढला तर दुसरा पडेल. चंदावरकरांनीच पुढे ‘सामना’ या चित्रपटाचं संगीत केलं.

निघताना एका गोष्टीवर मी अडून बसते. प्रयोगात दोन तरी वादक प्रत्यक्ष हवेत, पखवाज आणि बासरी. बाकी संगीत ध्वनिमुद्रित चालेल. निर्मात्याला हा खर्च जास्तीचा वाटतो. पण ध्वनिफीत कुणासाठी थांबत नाही. नर्तकीने वर उचललेला हात त्या रात्री आणखी दोन सेकंद तसाच ठेवावासा वाटला, तर तिच्याकडे बघत वाजवणारं माणूस लागतं.

दुपारी १ : डबा आणि लोकल

हॉलच्या पायऱ्यांवर बसून डबा खाते, मग दादरहून अंधेरी. या प्रवासात मी काहीही ऐकत नाही. सकाळपासून कान वापरात आहेत आणि पुढे अजून आठ तास लागणार आहेत. ध्वनीवर काम करणाऱ्या माणसाने कानांना विश्रांती द्यायलाच हवी, विशेषतः तासन् तास हेडफोन वापरणाऱ्यांनी.

दुपारी २:३० : बुडापेस्टची सकाळ

अंधेरीतला स्टुडिओ छोटा आहे, पण पडद्यावर बुडापेस्टचा मोठा हॉल दिसतो. तिथे सकाळचे दहा वाजलेत. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. तंतुवाद्यांचा ताफा तिथे बसलेला, कानात ठोका मोजणारी क्लिक, समोर आज सकाळीच बदललेली पानं. हे संगीत ते पहिल्यांदाच बघताहेत आणि दहा मिनिटांत वाजवणार आहेत. इळैयराजांनी ‘तिरुवासगम’साठी २००५ मध्ये याच शहरातला वाद्यवृंद घेतला होता. ‘सैराट’साठी अजय-अतुल हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रण करून आले. आता लहान चित्रपटही इंटरनेटवरून असं ध्वनिमुद्रण करू शकतो, फक्त मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवावा लागतो.

अशा वेळी सगळं अवलंबून असतं ते पानावर. शंका विचारायला वेळ नाही. ‘भावपूर्ण वाजवा’ असं लिहून उपयोग नसतो. गज कुठल्या दिशेने ओढायचा, तारेवर कुठे ठेवायचा, आवाज कुठल्या मात्रेपासून वाढवायचा आणि कुठे थांबवायचा, हे लिहिलं तर भाव आपोआप येतो. पहिल्या वाजवण्यात तीन मात्रांच्या त्या घरावर दोन वादक चार मोजतात. दुसऱ्यांदा सगळे बरोबर. व्हायोलाचा प्रमुख विचारतो की अडखळण्याच्या जागी गज तारेवरून उचलायचा का. मी सांगते, उचला. त्या एका उचलण्याने तिथे श्वासाएवढी पोकळी तयार होते. दिग्दर्शक माझ्या शेजारी बसलाय. पडद्यावर मुलीचा हात थबकतो, दार उघडतं, दोन फ्रेम, आणि स्वर पडतो. तो काही बोलत नाही, नुसता माझ्या खांद्यावर थोपटतो.

माझी खंत एकच. अशी सरावलेली माणसं मुंबईतही होती. सबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे संयोजक रात्रीतून पानं लिहायचे आणि सकाळी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये पन्नास-साठ वादक बसून ती वाजवायचे. सिंथेसायझर आणि नंतर संगणक आल्यावर ते ताफे विखुरले, त्यांच्या मुलांनी दुसरी कामं धरली. वाद्यवृंद एका पिढीत मोडतो आणि पुन्हा उभा करायला दोन पिढ्या लागतात. २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा बरेच वादक कझाकस्तानातून आणावे लागले. त्या वाद्यवृंदाकडे आता मुलांना शिकवणंही चालतं, आणि मला त्याची फार आशा वाटते.

संध्याकाळी ५:३० : बूथमधली सुंद्री

तंतुवाद्यं झाली. त्यांच्यावर आता एकच वाद्य चढणार आहे, सुंद्री. सनईच्याच घराण्यातलं, तिच्यापेक्षा लहान, सोलापूरकडे वाजवलं जाणारं. फुंकून वाजवायच्या वाद्याचा सा बदलून मागता येत नाही. म्हणून चित्रपटाचं पहिलं पान लिहिण्याआधीच मी सुंद्री वाजवणाऱ्या काकांच्या घरी जाऊन त्यांच्या वाद्याचा सा मोजून आणला होता. बुडापेस्टच्या सगळ्या तंतुवाद्यांनी आज जी पट्टी वाजवली ती या सुंद्रीसाठी धरलेली होती.

काका नोटेशन वाचत नाहीत. मी गाते, ते ऐकतात, जिभेवर पत्ती भिजवत एकदा मनात म्हणून घेतात आणि वाजवतात. पहिलं वाजवणं क्लिकवर होतं, ते नीटनेटकं पण निर्जीव. मग मी क्लिक बंद करते. “काका, ठोका विसरा. ती दारात उभी आहे एवढंच बघा.”

“दार कधी उघडतंय ते खालच्या व्हायोलिनात कळतं की ताई,” ते म्हणतात, “मला ठोका लागतोच कशाला?”

पुढचं वाजवणं चित्रपटात राहणार आहे. शेवटी गंधारावरून उतरताना ते किंचित रेंगाळतात आणि तरीही दाराच्या आत पोचतात. पंचेचाळीस सेकंदांची भिंत चारी बाजूंनी पक्की होती, तरी तिच्या आत ते मोकळे होते. सिनेमाच्या संगीतात मला हवं असतं ते एवढंच. वाद्याला आपण काय काय सोपवू शकतो याचं शिक्षण मला ‘पथेर पांचाली’ने दिलं. मुलगी दुर्गा गेल्याचं सर्बजया नवऱ्याला, हरिहरला, सांगते तेव्हा तिचा आक्रोश ऐकू येतच नाही, त्याच्या जागी तारशहनाई वाजते. १९५५ चा तो चित्रपट, रविशंकरांनी त्याचं संगीत एका रात्रीत ध्वनिमुद्रित केलं.

रात्री ८ : मिक्सिंग

दुसऱ्या एका रिळाचं मिक्सिंग. या खोलीत संगीत पाहुणं असतं, मान संवादांचा. नटाचा आवाज ज्या सप्तकात आहे त्याच सप्तकात चेलो गात असेल तर शब्द बुडतात. आवाज कमी करून हे सुटत नाही, लिहितानाच टाळावं लागतं. म्हणून वडिलांच्या बोलण्याखाली मी चेलो न ठेवता उंच व्हायोलिनं ठेवली होती. पण ध्वनिआरेखकाने त्या रात्रीच्या प्रसंगात रातकिडे फार सुंदर लावलेत आणि ते व्हायोलिनच्याच उंचीवर किरकिरतात. दोघं एकत्र आले की कानात काच घासल्यासारखं होतं. एकाला जावं लागणार.

मी व्हायोलिनं काढायला सांगते. दिग्दर्शक चपापतो, “अख्खा तुकडा?” अख्खा. रातकिडे, वडिलांचा आवाज आणि मधली शांतता, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो, आधीपेक्षा चांगला. प्रभातच्या ‘कुंकू’त, १९३७ साली, केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीत जवळपास वर्ज्य केलं आणि प्रसंगात जे आवाज खरोखर असू शकतात त्यांच्यावर चित्रपट तोलून धरला. मराठी सिनेमातला सर्वांत धीट संगीतविचार मला आजही तोच वाटतो. आपण लिहिलेलं संगीत काढून टाकण्याची तयारी नसेल त्याने सिनेमात येऊ नये.

रात्री १०:३० : पानं

घरी आल्यावर डोक्याने करायचं काही उरत नाही, हाताने करायचं उरतं. पहाटेच्या रचनेच्या पहिल्या भागाची सुटी पानं काढायची. प्रत्येक वादकाला फक्त त्याची ओळ. पान जिथे संपतं तिथे त्याला तीन-चार मात्रांची विश्रांती हवी, नाहीतर पान उलटायला हात कुठून आणणार? व्हायोलावाल्यांची क्लेफची खूण वेगळी, ती तपासायची. सुरुवातीच्या वर्षांत जाहिरातींच्या चाली, मालिकांची शीर्षकगीतं आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचं संयोजन करताना हीच पानं लिहून माझा हात बसला. वनराज भाटियांनी पॅरिसमध्ये नादिया बुलांजेंकडे शिकून आल्यावर मुंबईत हजारो जाहिरातींना संगीत दिलं, ‘अंकुर’, ‘भूमिका’ आणि ‘तमस’ केले आणि उतारवयात ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहिला. ज्याला लहान काम नीट करता येतं त्यालाच मोठ्या कामासाठी हात तयार ठेवता येतो.

पानं लावता लावता मनात येतं ते या रचनेच्या पुढच्या प्रवासाचं. चित्रपटाचं संगीत एकदा बांधलं की जगभर तसंच वाजत राहतं. नृत्यनाट्याचे प्रयोग होतात, दौरे होतात. सभागृहासाठी लिहिलेल्या रचनेचं मात्र तसं नाही. कुणीतरी ती वाजवायला बसेल आणि कुणीतरी ऐकायला येईल, तेवढाच वेळ ती जिवंत असते. लिहिताना वेळ माझी होती, वाजताना ती श्रोत्यांनी दिलेली असते. आपल्याकडे नव्या रचनेचा पहिला कार्यक्रम थाटात होतो, दीपप्रज्वलन होतं, फोटो छापून येतात. दुसरा कार्यक्रम होत नाही. एका ऐकण्यात अनोळखी संगीत कुणालाच पुरतं कळत नाही आणि वादकांच्या हातातही ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच मुरतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी भारतीयांनी लिहिलेल्या कितीतरी रचना अशा एकेका संध्याकाळनंतर कपाटात गेल्या.

म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. एखाद्या कार्यक्रमात हयात संगीतकाराची नवी रचना असेल तर तिच्यासाठी मुद्दाम जा. आवडली तर आयोजकांना सांगा, की पुढच्या वर्षी ती पुन्हा ठेवा. कळली नाही, तरीही हेच सांगा.